लाकडाप्रमाणें करवत, करवतीप्रमाणें पातें

शेतींत लोखंडी औजारें पुष्कळ आलीं, तरी कुदळीचा दांडा, गोठ्याची मेढ, मांडवाचे वासे व दाराची चौकट हीं कामें अद्यापि बहुतांशीं लाकडाचींच आहेत. याकरितां बहुतेक शेतकऱ्यांच्या घरीं एक करवत असते, आणि ओल्या फांदीपासून सागाच्या फळीपर्यंत तीच चालविली जाते. परिणामीं काप वांकडा जातो, फळीची कड उसवते, हात भरून येतो, आणि दोष मात्र पोलादास दिला जातो. वास्तविक दोष पोलादाचा नसून निवडीचा असतो. म्हणून पातें घेण्यापूर्वीं पुढील गोष्टी ध्यानांत घ्याव्या.

पहिली गोष्ट, लाकूड उभें चिरावयाचें कीं आडवें कापावयाचें. लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीच्या दिशेनें असतात. त्या दिशेनें चिरतांना तंतू सोलून काढावे लागतात. त्यास पटाशीच्या तोंडासारखा दात पाहिजे. आडवें कापतांना तंतू तोडावे लागतात. त्यास सुरीच्या टोंकासारखा दात पाहिजे. ओळखण्याची खूण सोपी आहे. दातावरील कानशीची घासणी पात्याशीं काटकोनांत असल्यास ती करवत उभ्या चिरेची, व घासणी तिरपी असल्यास आडव्या कापाची समजावी. हातकरवतींत उभ्या चिरेस इंचास सुमारें ४ ते ७ दात, आडव्या कापास ८ ते १०, व सांध्यांच्या बारीक कामास १२ ते १४ दात योग्य होत.

दुसरी गोष्ट, लाकूड ओलें कीं वाळलेलें. करवतीचे दात आळीपाळीनें डावीउजवीकडे किंचित् वांकविलेले असतात, तेणेंकरून चीर पात्याहून रुंद पडते व पातें अडकत नाहीं. ओल्या बाभळीचा भुसा चिकट असून तंतू पात्यास आवळतात. तेथें मोठे दात व अधिक वांक हवा. वाळलेल्या सागास बारीक दात व थोडा वांक पुरे. वांक प्रमाणाबाहेर दिल्यास लाकूड व श्रम दोन्ही वायां जातात; चीर पात्याच्या जाडीच्या दीडपटीहून रुंद नसावी. वांक दाताच्या वरच्या निम्म्या भागासच द्यावा. मुळाशीं दिल्यास दात तुटतो.

तिसरी गोष्ट, लाकडाची जाडी. कापतांना निदान तीन दात एकाच वेळीं लाकडांत असावे. पातळ फळीवर मोठे दात चालविल्यास ते अडकून फळी फाडतात.

विजेच्या गोल करवतीसही हाच न्याय लागू आहे. सव्वासात इंची चकती उभ्या चिरेस २४ दातांची, सर्वसाधारण कामास ४० दातांची व प्लायवूडच्या स्वच्छ कापास ६० दातांची घ्यावी. कार्बाइडच्या टोंकाचे दात धार दीर्घकाळ राखतात, परंतु ते ठिसूळ असल्यामुळें खिळ्यावर आदळतांच तुटतात. बांधावरील झाडांत जुनी तार वा खिळे रुतलेले असतात. कापण्यापूर्वीं खोड नीट तपासावें.

येथें एक गोष्ट विशेष आग्रहानें सांगावीशी वाटते. अलीकडे लोखंड कापण्याच्या हातग्राइंडरला लाकडाची दातेरी चकती बसविण्याचा प्रघात गांवोगांवीं दिसतो. चार इंची ग्राइंडर मिनिटास सुमारें ११,००० फेरे घेतो. अनेक लांकूडकापी चकत्या इतक्या वेगासाठीं बनविलेल्याच नसतात. शिवाय दात लाकडांत रुततांच यंत्र हातांतून उसळून अंगावर येतें, व ग्राइंडरचें अर्धें झांकण तें थोपवूं शकत नाहीं. शंभर-दोनशें रुपये वांचविण्यासाठीं बोटें किंवा गळा धोक्यांत घालणें ही काटकसर नव्हे. ग्राइंडरला दातेरी चकती कदापि लावूं नये.

गोल करवतीची चकती घेतांना तिच्यावर छापलेला कमाल फेऱ्यांचा आंकडा यंत्राच्या आंकड्याहून कमी नाहीं, मधलें भोंक यंत्राच्या दांड्यास अचूक बसतें, व बाण यंत्राच्या फिरण्याच्या दिशेस आहे, हें पाहावें. चकती बदलतांना वीज प्रथम तोडावी, आणि झांकण काढून काम करूं नये.

सारांश, ज्यास एकच करवत घेणें शक्य आहे त्यानें आडव्या कापाची ८ दातांची घ्यावी. शेतकऱ्याचें बहुतेक काम आडव्या कापाचेंच असतें. ओल्या फांद्यांसाठीं मोठ्या दातांची स्वस्त करवत निराळी ठेवावी, आणि लांब उभ्या चिरेचें काम लाकूड कापण्याच्या गिरणींत न्यावें.