चित्र तुमचं, शेवटचा शब्द कोणाचा?

संगणकाशी सख्य : लेखांक ९

मागच्या लेखांकात संगणक सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम कसे आवरायचे ते पाहिलं. आजचा प्रश्न दिसायला किरकोळ आहे, पण तो अनेकांना मेटाकुटीला आणतो. विंडोजच्या लॉक स्क्रीनवर हौसेनं नातीचा किंवा गावच्या देवळाचा फोटो लावावा, दोन दिवस तो दिसावा आणि तिसऱ्या दिवशी संगणक सुरू केल्यावर त्या जागी विंडोजचं मूळचं चित्र हजर असावं. फोटो पुन्हा लावला की पुन्हा तेच. बहुतेक जण यावर एकच उपाय करत राहतात, तो म्हणजे तोच फोटो परत लावणं. माझ्या मते हा उपायच नव्हे. लॉक स्क्रीनवरचं चित्र विनाकारण बदलत नाही. एक तर आपल्याहून वरचढ अधिकार असलेल्या कोणीतरी ते बदललेलं असतं, किंवा आपलं चित्र हाती न लागल्यामुळे विंडोजनं स्वतःजवळचं पुढे केलेलं असतं. यातलं काय घडलंय हे आधी ओळखलं, तरच दुरुस्ती टिकते.

हे पटायला लॉक स्क्रीन म्हणजे काय ते नीट समजून घ्यावं लागतं. ही स्क्रीन २०१२ साली विंडोज ८ मध्ये आली. संगणक सुरू होताना ती दिसते तेव्हा अजून कोणीच लॉगिन केलेलं नसतं, म्हणजे ‘तुमचा’ पिक्चर्स फोल्डर विंडोजच्या दृष्टीनं अजून उघडलेलाच नसतो. म्हणून तुम्ही फोटो निवडता तेव्हा विंडोज त्याची स्वतःपुरती एक प्रत काढून ठेवतं. ही प्रत सी ड्राइव्हवर प्रोग्रामडेटाच्या पोटातल्या सिस्टमडेटा नावाच्या फोल्डरमध्ये असते आणि त्याला इतका कडक पहारा असतो की अ‍ॅडमिनलाही तो सहजी उघडत नाही. विंडोजचं मूळचं चित्र वेगळीकडे, विंडोज फोल्डरमधल्या वेब आणि त्यातल्या स्क्रीन या फोल्डरमध्ये असतं. तेव्हा ‘मूळ फोटो डिलीट झाला म्हणून चित्र गेलं’ ही सर्रास आढळणारी समजूत एकाच फोटोच्या बाबतीत सहसा खरी नसते. स्लाइडशोची गोष्ट वेगळी. तो फोल्डरमधूनच फोटो उचलतो, त्यामुळे फोल्डर हलवला किंवा तो असलेला पेनड्राइव्ह काढला की त्याचा आधारच जातो.

आता कोणाचा शब्द चालतो ते पाहू. सर्वात वर संस्थेचं किंवा सिस्टमचं धोरण, त्याखाली तुमची निवड, आणि काहीच हाती नसेल तर मूळचं चित्र. तुमची निवडही तीनपैकी एक असते : स्पॉटलाइट, पिक्चर किंवा स्लाइडशो. प्रत्येक बिघाडाची खूण वेगळी असते. दर एक-दोन दिवसांनी नवनवीन डोंगर-समुद्र दिसत असतील, तर स्पॉटलाइट चालू आहे. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात लॉक स्क्रीन उघडून ‘पिक्चर’ निवडलं की काम झालं. तिथले पर्याय करडे पडून काही सेटिंग्ज संस्थेच्या ताब्यात असल्याची ओळ दिसत असेल, तर कारण धोरणात आहे. लॉक स्क्रीनबरोबर डेस्कटॉपचा वॉलपेपर आणि आयकॉनही गेले असतील, तर विंडोजनं तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये घेतलं आहे. तिथं केलेलं काहीच लॉगआउटनंतर उरत नाही. विंडोज अ‍ॅक्टिव्हेट नसेल, तर मुळात निवडीलाच बंदी असते. शिवाय लॉक स्क्रीनवरचं चित्र पासवर्डच्या पडद्यावरही दाखवायचं की नाही, यासाठी त्याच पानावर वेगळं बटण आहे. ते बंद असल्यानं ‘चित्र गेलं’ असं वाटणंही शक्य आहे.

यातली एकही खूण जुळत नसेल, तर विंडोज लोगोची कळ आणि एल एकत्र दाबून पाहा, मग संगणक रीस्टार्ट करून पाहा. पहिल्या वेळी फोटो बरोबर दिसला आणि रीस्टार्टनंतर गेला, तर निवड शाबूत आहे आणि संशय त्या साठवलेल्या प्रतीवर जातो. अशा वेळी फोटो संगणकावरच्याच साध्या फोल्डरमध्ये जेपीजी स्वरूपात ठेवा. आधी स्पॉटलाइट निवडा, मग पुन्हा पिक्चर आणि तोच फोटो निवडा, म्हणजे प्रत नव्यानं तयार होईल. तरीही तेच घडलं, तर नवं यूजर अकाउंट काढून त्यात फोटो लावून पाहा. तिथं टिकला, तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये. तिथंही न टिकल्यास विंडोजच्या फाइल्स तपासायची वेळ आली असं समजा.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? रजिस्ट्रीत एक नोंद घातली की फोटो कायमचा बसतो. बसतो हे खरं. पण ती नोंद म्हणजे संस्थांसाठी ठेवलेलं धोरणच असतं, आपण ते स्वतःवर लादून घेतो. सेटिंग्जमधले पर्याय करडे पडतात, सहा महिन्यांनी फोटो बदलावासा वाटतो आणि तोवर ती नोंद विसरलेली असते. घरच्या संगणकावर ‘संस्थेच्या ताब्यात’ अशी ओळ दिसली, तर आधी हेच आठवून पाहावं : पूर्वी अशी नोंद किंवा जाहिराती बंद करणारं एखादं टूल वापरलं होतं का? आजार ज्या मार्गानं आला, त्याच मार्गानं उपचार करणं शहाणपणाचं नाही.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे : संगणक मी वापरतो, मग चित्र ठरवणारी संस्था कोण? घरच्या संगणकाबाबत हा आक्षेप पूर्ण मान्य. तिथं शेवटचा शब्द मालकाचाच असायला हवा, आणि मालकानं निवडलेलं चित्र विंडोजनं बदलू नये ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही. पण ऑफिसचा किंवा शाळेच्या लॅबमधला संगणक सुरू होताना, आणि नंतरही साधारण दर ९० मिनिटांनी, नवे नियम आलेत का ते सर्व्हरला विचारत असतो. तिथं वाकड्या वाटेनं फोटो घुसवण्यापेक्षा आयटी विभागाला विचारावं. तो संगणक आपल्या हाती विश्वासानं दिलेला असतो.

म्हणून फोटो पुढच्या वेळी गेला, तर तो परत लावण्याआधी क्षणभर थांबा आणि वरची खूण शोधा. हीच सवय ब्राउझरचं होमपेज परत परत बदलतं तेव्हाही कामी येते. तो विषय पुढच्या आठवड्यात.