घोडा विकत घेतानाच नफा ठरतो: सारंगखेड्याला जाण्याआधी हे गणित करा



"सर, सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी घ्यायची आणि आमच्या तालुक्यात वरातीवाल्याला विकायची, जमेल का?" असं बरेच जण विचारतात. जमेल. पण या धंद्यात माल गोदामात पडून राहत नाही, तो रोज खातो. सगळा हिशोब या एका वाक्यात आहे.

बाजार कधी, गिऱ्हाईक कधी?

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर आहे. एकमुखी दत्ताची यात्रा दत्त जयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते. मारवाडी, काठियावाडी घोडे घेऊन लांबलांबचे व्यापारी येतात. निवड करायला यापेक्षा चांगली जागा नाही. पण पुढे पौष लागतो आणि आपल्याकडे पौषात लग्नं फारशी होत नाहीत. वरातीवाल्याची खरी मागणी माघापासून. म्हणजे घोडी तुमच्या दावणीला दीड-दोन महिने उभी राहणार, हे धरूनच चाला.

आता वही काढा

समजा, घोडी घेतली ८०,००० रुपयांना. टेम्पोचं भाडं ८,०००. नाल, डॉक्टर, औषध, साज दुरुस्ती ५,०००. झाले ९३,०००. चारा, हरभरा, भुसा मिळून रोजचे २५० धरा. विक्रीची किंमत १,२०,०००.

हातात राहिले २७,०००. भागिले २५०, म्हणजे १०८ दिवस. ९० दिवसांत विकली तर ४,५०० रुपये उरतात. १२० दिवस लागले तर ३,००० खिशातून जातात. आणि यात तुमची मजुरी धरलेलीच नाही! हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावातला चाऱ्याचा भाव घालून पुन्हा मांडा.

म्हणून पहिला नियम: गिऱ्हाईक आधी, घोडा नंतर. जाण्यापूर्वी दोन-तीन वरातीवाल्यांना भेटा. रंग कोणता, उंची किती, बजेट किती, लिहून आणा.

रंगाचे पैसे, भोवऱ्याचे पैसे

पांढरीशुभ्र नुकरा किंवा चारही पाय आणि तोंड पांढरं असलेली पंचकल्याणी, यांना भाव जास्त. अंगावरचे भोवरे बघून शुभ-अशुभ ठरवणारेही खूप. तुमचा विश्वास नसेल, हरकत नाही. पण तुमच्या गिऱ्हाइकाचा असेल तर 'खोडीची' घोडी स्वस्त मिळाली तरी विकताना अडकते. त्यालाच आधी विचारा.

पैसे देण्याआधी पाच गोष्टी

१. दात बघा. साधारण पाच वर्षांपर्यंत पुढचे सगळे दुधाचे दात पडून पक्के येतात. त्यानंतर वयाचा अंदाज जाणकारालाच घेऊ द्या.

२. कडक जमिनीवर चालवून, दुडकी पळवून बघा. मऊ मातीत लंगडणं लपतं.

३. खूर उचलायला सांगा. लाथ मारते का, चावते का, तिथेच कळेल.

४. बँड आणि फटाक्यांजवळ नेऊन बघा. बुजणारी घोडी वरातीला चालत नाही. नवरदेव पडला तर तुमचं नाव गेलं.

५. जनावरांचा डॉक्टर सोबत न्या आणि ग्लँडर्सच्या रक्त तपासणीचं विचारा. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोडा मारावाच लागतो. मग ८०,००० पैकी काय उरणार?

सौदा करताना

दलाल असेल तर त्याची दलाली आधी ठरवा. रुमालाखाली बोटं धरून भाव चालला असेल आणि तुम्हाला ती खूण कळत नसेल, तर सरळ तोंडी भाव विचारा. त्यात लाज कसली? इसार दिला की लिहून घ्या. बाजाराची पावती घ्या, त्यावर रंग, वय, खुणा नीट आहेत ना, बघा. यात्रा संपत आली की काही व्यापारी भाव उतरवतात, कारण परतीचं भाडं त्यांनाही नको असतं. पण तोवर चांगला माल गेलेला असतो.

शेवटचं सांगतो

पहिल्या वर्षी एकच घोडी घ्या, तीही कर्ज न काढता. आज वहीत चार आकडे लिहा: खरेदी, वाहतूक, रोजची खावटी, विक्री. तुमचा 'तोट्याचा दिवस' कितवा येतो ते काढा. तो ६० च्या आत येत असेल, तर यंदा यात्रेला जा, घोडे बघा, माणसं जोडा आणि रिकाम्या हाताने परत या. तो फेरा वाया गेला असं समजू नका.