चाळिशीनंतर डोक्यात काही शिरत नाही?

कांजूरमार्गचे औद्योगिक गाळे घ्या किंवा लाल बहादूर शास्त्री मार्गावरची ऑफिसं. अग्निसुरक्षेचं प्रशिक्षण म्हणजे बहुतेकदा तासभर स्लाइड, चहा-बिस्किटं आणि हजेरीपटावर सही. महिन्याभराने विचारावं तर कुणाला धड काही आठवत नाही. मग खापर फुटतं वयावर. वय वाढलं की नवं आत्मसात करण्याचा वेग मंदावतो, हे खरंच आहे. पण क्षमता संपत नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूतला स्थळस्मृतीशी निगडित भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचं 2000 साली दिसून आलं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 2016 च्या महिला दिनी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली आणि साठी ओलांडलेल्या बाया पाटी घेऊन बसल्या. घरची कामं उरकल्यावर, दुपारी. शिकणाऱ्याच्या सोयीने वर्ग भरवायचा, ही साधी गोष्ट कंपन्यांना मात्र सुचत नाही.

दुसरा गैरसमज असा की, नीट समजावून सांगितलं आणि समोरच्यांनी माना डोलावल्या की शिकवून झालं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे 56 टक्के मजकूर राहिला, वाचणाऱ्यांच्या 42. यावर कुणी म्हणेल, ती कॉलेजची पोरं होती. खरं आहे, पण वयस्क लोकांवरच्या पुढच्या प्रयोगांतही आठवून पाहण्याचा फायदा दिसला. (‘ऐकलेलं 20 टक्के लक्षात राहतं, पाहिलेलं 30’ हे प्रशिक्षकांचं लाडकं कोष्टक मात्र निराधार आहे, ज्या शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर ते खपवतात, त्यांच्या 1946 च्या आकृतीत टक्केवारीच नव्हती.)

मोठ्या माणसाची खरी अडचण वेगळीच असते: वीस वर्षं काम केलेल्याला चारचौघांत चुकायची लाज वाटते. म्हणून पहिला सराव दोघा-तिघांच्या गटात व्हावा. आग विझवणाऱ्या सिलिंडरची पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या बुडाशी रोखायची, दांडा दाबून डावीउजवीकडे फवारायचं: हे हातानेच शिकावं लागतं. यात उत्पादनाचा वेळ जातो, हा मालकांचा आक्षेप रास्त आहे. पण विसरला जाणारा तासही फुकट पडत नाही. तेव्हा पुढच्या प्रशिक्षणाला सही करण्याआधी सिलिंडर हातात मागा, आणि महिन्याने पुन्हा सराव घ्यायला सांगा.