लिनक्स वितरणातील पॅकेज-संहितेचे परीक्षण : स्वरूप व महत्त्व

प्रस्तावना :
लिनक्स वितरण म्हणजे हजारो स्वतंत्र सॉफ्टवेअरचा सुसंघटित संच होय. डेबियन व फेडोरा ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. मूळ निर्मात्याची संहिता वापरकर्त्यापर्यंत थेट पोहोचत नाही. वितरणातील पॅकेजकार ती वितरणाच्या साच्यात बसवितो. त्यासाठी तो लिहीत असलेल्या सूचनांना प्रस्तुत लेखात 'पॅकेज-संहिता' म्हटले आहे. शोधनिबंधाप्रमाणेच या संहितेचेही समकक्षांकडून परीक्षण का आवश्यक आहे, याचा येथे विचार केला आहे.

घटक :
फेडोरामध्ये ही संहिता 'स्पेक' फाइलमध्ये, तर डेबियनमध्ये 'डेबियन' नावाच्या फोल्डरमध्ये असते. नाव, आवृत्ती, परवाना, मूळ संहितेचे ठिकाण, आवश्यक इतर पॅकेजेस, बांधणीच्या आज्ञा आणि 'पॅच' म्हणजे मूळ संहितेतील फेरफार, हे तिचे प्रमुख घटक होत.

परीक्षणाची पद्धती :
फेडोरामध्ये नव्या पॅकेजचे परीक्षण सामान्यतः दुसरा पॅकेजकार करतो. 'आरपीएमलिंट' हे साधन नियमभंग दाखविते. 'मॉक' हे साधन स्वच्छ वातावरणात बांधणी करते. त्यामुळे नोंदवावयाचे राहून गेलेले पूरक पॅकेज उघड होते. तथापि एखाद्या पॅचमागील हेतू व त्याचा परिणाम यांचा निर्णय साधने देऊ शकत नाहीत. तेथे जाणकार वाचकच लागतो.

दोन उदाहरणे :
'व्हॅलग्रिंड' या तपासणी-साधनाने दिलेल्या इशाऱ्यांमुळे २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमधून दोन ओळी वगळण्यात आल्या. त्यांपैकी एक ओळ यादृच्छिक माहिती मिसळण्यासाठी अत्यावश्यक होती. ती जाताच प्रक्रिया-क्रमांक हाच अनिश्चिततेचा एकमेव आधार उरला. परिणामी एका प्रकारच्या व एका लांबीच्या गुप्त चाव्या फार तर ३२,७६८ इतक्याच संभवत होत्या. निर्मात्यांच्या चर्चापीठावर विचारणा होऊनही दोष निसटला आणि मे २००८ मध्ये तो जाहीर झाला. उबुंटूसह डेबियनवर आधारलेल्या वितरणांतही तो पोहोचला होता. पॅकेज दुरुस्त केल्याने जुन्या चाव्या सुरक्षित होत नव्हत्या; त्या नव्याने तयार कराव्या लागल्या.

२०२४ मधील 'एक्सझेड' प्रकरण याच्या उलट होते. तेथे दोष मूळ प्रकल्पातूनच आला. ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमधील घातक भाग कार्यान्वित करणारी बांधणी-आज्ञा प्रकाशित संग्रहात होती, सार्वजनिक संहिता-भांडारात मात्र नव्हती. केवळ भांडार वाचणाऱ्या परीक्षकास ती दिसणे शक्य नव्हते.

निष्कर्ष :
पहिल्या उदाहरणात इशारा नाहीसा झाला, परंतु त्याबरोबर सुरक्षितताही गेली. म्हणून प्रत्येक पॅचचे लेखी कारण असावे व तो मूळ निर्मात्यांकडे तपासणीसाठी जावा. दुसऱ्या उदाहरणावरून प्रकाशित संग्रह भांडाराशी ताडून पाहण्याची गरज स्पष्ट होते. प्रवेशाच्या वेळी एकदाच केलेले परीक्षण पुरेसे नाही; वरील दोन्ही दोष आधीच स्वीकृत असलेल्या पॅकेजमध्ये नंतर शिरले होते. संहिता खुली असणे ही परीक्षणाची केवळ पूर्वअट आहे. ती वाचण्याचे कष्ट कोणीतरी घ्यावेच लागतात.