पांडेसऱ्यातली न दिसणारी रांग

पांडेसरा हा सुरतेचा बॉयलर आणि चिमण्यांचा भाग. यंत्रमागांवरून उतरलेलं ग्रे, म्हणजे कोरं, कापड इथल्या मिलमध्ये रंगतं, छापलं जातं आणि रिंग रोडच्या बाजाराकडे निघतं. संपादकांनी मला छपाईवर लिहायला पाठवलं होतं. पण एका मिलमध्ये मी रेंगाळलो तो हिशेबखात्यामागच्या खोलीत, लिनक्सच्या सर्व्हरपाशी. तो सांभाळणारे गृहस्थ मूळचे नंदुरबारकडचे, सुरतेतल्या लिंबायतमध्ये वाढलेले, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले. मिलभर त्यांना भाऊ म्हणतात.

फाटकावर ताके उतरले की नोंद घेणारा प्रोग्राम एक छोटा निरोप लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, स्वाधीन करतो: पार्टी, लॉट नंबर, ताके, मीटर. खातेवहीत चढवणारा दुसरा प्रोग्राम तो सवडीनं उचलतो. मधल्या रांगेला मेसेज क्यू म्हणतात. ही सोय सत्तरच्या दशकात बेल कंपनीच्या अंतर्गत वापरातल्या कोलंबस युनिक्समध्ये आली आणि १९८३च्या सिस्टिम फाइव्हमधून जगभर गेली. लिनक्सनं ती उचलली, तिच्या मर्यादांसकट.

मर्यादा मुख्यतः तीन. एम एस जी मॅक्स म्हणजे एक निरोप किती मोठा असावा: मूळ आकडा ८,१९२ बाइट. एम एस जी एम एन आय म्हणजे एकूण रांगा किती: पूर्वी अवघ्या १६, आता ३२,०००. आणि एम एस जी एम एन बी म्हणजे एका रांगेत मिळून किती बाइट मावावेत: १६,३८४. यंत्रातली मेमरी गिगाबाइटांनी वाढत गेली, हा तिसरा आकडा मात्र मूळ जागी राहिला. भाऊंची झुंज त्याच्याशीच.

रांग भरली की पाठवणारा प्रोग्राम मोडून पडत नाही. जागा होईपर्यंत तो झोपून राहतो. लॉगमध्ये अवाक्षर नाही, प्रोग्राम जिवंत दिसतो, फाटकावरच्या मुलाचा पडदा तेवढा थिजतो आणि बाहेर टेम्पोंची ओळ लागते. भाऊ अशा वेळी आय पी सी एस ही आज्ञा देतात. पडद्यावर रांगांचं कोष्टक उमटतं. ते फक्त शेवटचे दोन रकाने बघतात. वापरलेले बाइट १६,३८४, निरोप ६४. म्हणजे प्रत्येकी २५६ बाइटांच्या निरोपांनी रांग अगदी काठोकाठ.

मर्यादा चौपट करून ६५,५३६ करणं एका ओळीचं काम आहे. पण नवा आकडा फक्त त्यानंतर जन्मणाऱ्या रांगेला लागू होतो. जुनी रांग जन्माच्या वेळची मर्यादा घेऊनच जगते. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला तरी ती कर्नलमध्ये तशीच बसलेली असते. तिची मर्यादा वेगळ्या सिस्टिम कॉलनं, म्हणजे प्रोग्रामनं कर्नलला केलेल्या विनंतीनं, वाढवावी लागते, नाहीतर ती रिकामी होऊ देऊन, पुसून, नव्यानं उभारावी लागते. भरलेली रांग घाईत पुसली तर आतले लॉट गेलेच. भाऊ आधी फाटकावरची नोंद थांबवतात, कोष्टकात निरोप शून्य झाले की मगच पुसतात. ही सबुरी मला फार मोलाची वाटली.

एवढं करूनही प्रश्न सुटतोच असं नाही. समजा, मिनिटाला २० नोंदी येतात आणि १८ चढतात. ६४ निरोपांची रांग ३२ मिनिटांत भरेल. २५६ची भरायला दोन तास आठ मिनिटं लागतील. भरेल मात्र नक्की. "दादा, उकाई धरणाची भिंत उंच केली म्हणून सुरतेतलं तापीचं पात्र रुंद होतं का?" भाऊ म्हणाले. ऑगस्ट २००६चा तापीचा पूर त्यांनी पाहिलेला आहे. रांग अधूनमधून तुंबत असेल तर मर्यादा वाढवणं योग्य. रोजच तुंबत असेल तर दोष उचलणाऱ्याचा. इथला उचलणारा प्रोग्राम प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की होईपर्यंत थांबत होता. वीस-वीस नोंदी एकत्र पक्क्या करायला लावल्यावर बराच भार उतरला.

मला खरी चिंता वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ही रांग मेमरीत असते, डिस्कवर नसते. यंत्र अचानक बंद पडलं तर रांगेतलं सगळं जातं. पूर्वी जास्तीत जास्त ६४ लॉट जाऊ शकत होते, मर्यादा वाढवल्यावर २५६. फाटकावरच्या मुलाला वाटत असतं नोंद झाली. खातेवहीत तिचा मागमूस नसतो. म्हणून भाऊंनी मालासोबतच्या कागदी चलनांची फाइल बंद होऊ दिलेली नाही. संध्याकाळी ते स्वतः चलनं आणि खातेवही ताडून बघतात. व्यवस्थापनाला हा जुनाटपणा वाटतो. मला तो मिलमधला सर्वांत शहाणा रिवाज वाटला.

भाऊंनंतर हे कोण बघणार, याची सोय अजून झालेली नाही. त्यांनी सिस्कंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या मर्यादा ठरवणाऱ्या, फाइलीत वाढवलेल्या मर्यादेच्या आकड्याच्या वर तारीख आणि वाढवण्याचं कारण लिहून ठेवलं आहे. तुमच्या कारखान्यात, बँकेत, दवाखान्यात असा सर्व्हर असेल तर एवढी एक टीप आजच लिहून घ्या, आणि कागदी नोंदी जपा.