उपदानाची नोटीस : फलकावरून कामगाराच्या हातापर्यंत

कारखान्याच्या किंवा कचेरीच्या प्रवेशद्वारापाशी काचेच्या चौकटीत लावलेले कागद आपण सर्वांनीच पाहिलेले असतात. ऊन लागून पिवळे पडलेल्या त्या कागदांवर एखाद्या कामगार अधिनियमाचा गोषवारा छापलेला असतो. तपासणीसाठी अधिकारी आले म्हणजे त्यांना तो दाखविता येतो. मात्र ज्याच्यासाठी तो लावला, तो कामगार त्याच्यापुढे कितीदा थांबतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. फलक लावणे हे कायद्याने सांगितलेले कर्तव्य आहे. परंतु फलक लावणे आणि कामगाराला त्याच्या लाभाची नोटीस देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायद्यानेही त्या वेगळ्याच मानल्या आहेत. उपदान, म्हणजे बोलीत ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो, त्या एका लाभाच्या आधारे हा फरक येथे पाहावयाचा आहे. नगरपालिका, खाजगी शाळांच्या संस्था, सहकारी साखर कारखाने हे सारे या कायद्याच्या दृष्टीने मालकच ठरत असल्याने हा विषय केवळ मोठ्या उद्योगांपुरता नाही.

उपदानाचा कायदा प्रथम केरळने १९७० मध्ये व पश्चिम बंगालने १९७१ मध्ये केला. त्यानंतर संसदेने साऱ्या देशासाठी उपदान प्रदान अधिनियम, १९७२ संमत केला आणि तो १६ सप्टेंबर १९७२ पासून अमलात आला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली, तेव्हा या अधिनियमाची जागा तिने घेतली. मूळ चौकट मात्र कायम राहिली. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेत सलग पाच वर्षे सेवा झालेल्या कामगाराला सेवा संपताना प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळते. सेवेत असताना मृत्यू आल्यास किंवा अपंगत्व आल्यास पाच वर्षांची अट लागत नाही. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला संहितेने एका वर्षाच्या सेवेनंतरच हा हक्क दिला आहे. उपदानाची कमाल मर्यादा २०१८ पासून २० लाख रुपये आहे.

या लाभाचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी दरमहा पगारातून कापली जाते. पगारपत्रकावर ती दिसते आणि कामगाराला निधीची आठवण राहते. उपदानासाठी कामगाराच्या पगारातून एक पैसाही कापला जात नाही. त्यामुळे वीस वीस वर्षे नोकरी करूनही हा हक्क आपल्याला आहे, हे त्याला कोठेही दिसत नाही. मालकाने दिलेली नोटीस हेच त्याला हे कळण्याचे मुख्य साधन होय. ती न मिळाल्यास रक्कम बुडते, आणि बुडाली हे देखील पुष्कळांना कळत नाही.

कायदा काय सांगतो

१९७२ च्या नियमांनी मालकावर दोन प्रकारचे काम सोपविले होते. पहिले फलकाचे. अधिनियमाचा व नियमांचा गोषवारा, तसेच मालकाच्या वतीने नोटिसा स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा, हे मुख्य प्रवेशद्वारापाशी इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावावयाचे. दुसरे काम व्यक्तिगत नोटिशीचे. उपदान देय झाले की, कामगाराने अर्ज केलेला असो वा नसो, मालकाने स्वतःहून रक्कम ठरवावी आणि ती कामगाराला व प्राधिकाऱ्याला लेखी कळवावी, असे अधिनियमात होते आणि संहितेतही तसेच आहे. रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत ती द्यावी लागते; विलंब झाल्यास सरळ व्याज द्यावे लागते.

‘अर्ज केलेला असो वा नसो’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अनेक कचेऱ्यांत आजही ‘अर्ज आला नाही, म्हणून प्रकरण झाले नाही’ असा शेरा फाईलवर मारला जातो. हा शेरा कायद्याला धरून नाही. नोटिशीची सुरुवात मालकाकडून व्हावयाची असते.

ती कशी पोहोचवावी याविषयीही नियमांत स्पष्टता होती. एक तर समक्ष देऊन पोच घ्यावी, नाही तर पोचपावतीसह नोंदणी टपालाने पाठवावी. नोंदणी टपालाची स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. तरी तत्त्व तेच आहे. पत्र पत्त्यावर पोहोचल्याचा पुरावा मालकाकडे असला पाहिजे. टपालाने पाठविलेली नोटीस पोहोचली असे गृहीत धरण्याची तरतूद सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ मध्ये आहे. परंतु त्यासाठी पत्ता बिनचूक असावा लागतो. नेमणुकीच्या वेळी लिहून घेतलेला, शहरातल्या भाड्याच्या खोलीचा पत्ता वीस वर्षांनी उपयोगी पडत नाही. म्हणून सेवापुस्तकात गावाकडचा कायमचा पत्ता असावा आणि वर्षातून एकदा तो कामगाराकडून पडताळून घ्यावा, हे फार खर्चाचे काम नाही.

साखर कारखान्यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष जाणवते. तेथील हंगामी कामगारांना प्रत्येक हंगामामागे सात दिवसांच्या वेतनाइतके उपदान मिळते. गळीत हंगाम संपला की कामगार गावी परततो आणि पुढील हंगामाला तो येईलच असे नाही. उन्हाळ्यात कारखान्याच्या दाराशी लावलेला फलक वाचावयाला तेव्हा कोण असते? अशा कामगाराला हिशेबाचा कागद शेवटच्या पगाराबरोबरच हाती देणे हाच योग्य मार्ग आहे.

नामनिर्देशनाचा कागद

एक वर्ष सेवा झाल्यावर कामगाराने आपल्या मागे उपदान कोणाला द्यावे याचे नामनिर्देशन करावयाचे असते. हा कागद पुष्कळदा घाईने, इतर दहा कागदांबरोबर सही घेऊन उरकला जातो. तसे होता कामा नये, कारण त्यात एक अट दडलेली आहे. कुटुंब असलेल्या कामगाराला कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीचे नाव देता येत नाही, आणि कायद्याच्या व्याख्येतील ‘कुटुंब’ हे आपल्या घरगुती समजुतीपेक्षा वेगळे आहे. सख्खा भाऊ त्यात सहसा येत नाही. अविवाहित तरुण नोकरीला लागतो, भावाचे नाव घालतो. पुढे त्याचे लग्न होते. कुटुंब झाले की ते जुने नामनिर्देशन कायद्याने निरर्थक ठरते आणि नवे करावे लागते. १९७२ च्या नियमांत त्यासाठी नव्वद दिवसांची मुदत होती. हे त्याला कोणी सांगितले नाही, तर दुर्दैवाने काही अघटित घडल्यावर एका बाजूला भाऊ आणि दुसऱ्या बाजूला विधवा पत्नी असा वाद उभा राहतो. रक्कम तोपर्यंत अडकून पडते आणि घर चालविण्याचा प्रश्न त्या बाईपुढे तसाच राहतो.

नामनिर्देशन दोन प्रतींत घ्यावे, सेवेचा तपशील तपासून मालकाने एक प्रत साक्षांकित करून तीस दिवसांत कामगाराला परत द्यावी आणि परत दिल्याची पोच घ्यावी, अशी जुन्या नियमांची पद्धत होती. ही दुसरी प्रत घरी पोहोचली पाहिजे, यात त्या पद्धतीचे मर्म आहे. ती रेशनकार्डाबरोबर पेटीत राहिली, तर घरच्यांना निदान विचारावयाचे कोठे हे तरी कळते. नव्या नियमांप्रमाणे नमुन्यांची नावे व क्रमांक बदलतात. नमुना वापरण्यापूर्वी तो चालू आहे की नाही हे आस्थापना शाखेने पाहून घ्यावे. जुने छापील गठ्ठे संपेपर्यंत वापरण्याची सवय येथे महागात पडते.

नोटिशीत काय लिहावे

‘आपणास नियमानुसार अनुज्ञेय रक्कम अदा करण्यात येईल’ असे एका ओळीचे पत्र पाठविणे म्हणजे नोटीस देणे नव्हे. शेवटचे वेतन, सेवेची वर्षे, गुणाकार आणि देण्याची तारीख त्यात असली पाहिजे. समजा, शेवटचे मासिक वेतन १५,६०० रुपये आहे. मासिक वेतनाला २६ ने भागले म्हणजे दिवसाचे ६०० रुपये होतात. पंधरा दिवसांचे ९,००० रुपये. सेवा २० वर्षे ७ महिने झाली असेल, तर सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्याने २१ वर्षांचे १,८९,००० रुपये होतात. सात महिने मोजायचे राहिले तर कामगाराचे ९,००० रुपये बुडतात. हिशेब मांडून दिला असेल तरच ही चूक तो किंवा त्याचा मुलगा पकडू शकतो. संहितेने वेतनाची व्याख्याही बदलली असून, वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असल्यास वरचा भाग वेतनात धरावा लागतो. म्हणून कोणते भत्ते धरले व कोणते सोडले हेही नोटिशीत यावे.

मोबाइलवरून संदेश पाठविण्याची सोय आता सर्वत्र आहे आणि तिचा उपयोग अवश्य करावा. प्रसूतिलाभाच्या बाबतीत २०१७ च्या सुधारणेने, नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या लाभांची माहिती लेखी आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही रीतींनी देण्याचे बंधन घातले होते. यातील ‘आणि’ हा शब्द विसरता येत नाही. मोबाइलचा क्रमांक बदलतो, तो कधी मुलाच्या नावावर असतो, कधी ठेकेदाराच्या कारकुनाने आपलाच लिहिलेला असतो. कागदाला संदेशाची जोड द्यावी. कागदाऐवजी संदेश, असे करू नये.

या प्रश्नाचा विचार अन्य देशांतही झालेला आहे. अमेरिकेत १९७४ साली कामगारांच्या निवृत्ती व अन्य लाभयोजनांसाठी केंद्रीय कायदा झाला. त्याखालील नियमांप्रमाणे माहितीपत्रक कामगाराला प्रत्यक्ष मिळेल याची वाजवी खात्री देणारी रीतच वापरावी लागते. कामगारांची ये-जा असते अशा ठिकाणी प्रती नुसत्या ठेवून देणे तेथे पुरेसे मानले जात नाही. इंटेल कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याच्या दाव्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असे ठरविले की, माहिती उपलब्ध करून दिली होती एवढ्यावरून ती कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष ज्ञात होती असे म्हणता येत नाही. आपल्याकडे फलकावर विसंबणाऱ्यांनी हा निर्णय नजरेखालून घालावा.

शिक्षक आणि अंगणवाडी सेविका

शिक्षकांचे उदाहरण अधिक जवळचे आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या शिक्षणसंस्थांना ३ एप्रिल १९९७ च्या अधिसूचनेने १९७२ चा अधिनियम लागू झाला. परंतु व्याख्येप्रमाणे शिक्षक हा ‘कर्मचारी’ ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये दिला. संसदेने २००९ मध्ये व्याख्या दुरुस्त केली व तीही १९९७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. खाजगी शाळांनी या दुरुस्तीला आव्हान दिले आणि २९ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. मधल्या बारा वर्षांत निवृत्त झालेल्या शिक्षकांचा हक्क, ते घरी बसलेले असताना, मागाहून निर्माण झाला. शाळेच्या दाराशी लावलेला कागद त्यांच्यापर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते. त्यांना पत्रच पाठवावयास हवे होते. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांनाही १९७२ चा अधिनियम लागू होतो, असे गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी सांगितले. गावातील ज्या बाईने इतरांना योजनांचे अर्ज भरून दिले, तिला स्वतःच्या हक्काचा कागद कोणी नेऊन द्यावयाचा, हा प्रश्न पंचायत सदस्यांनी आपल्या बैठकीत विचारण्यासारखा आहे.

स्थानिक संस्थांना १९७२ चा अधिनियम १९८२ च्या अधिसूचनेने लागू झाला. कायदा एकदा लागू झाला की पुढे माणसे दहापेक्षा कमी झाली तरी तो लागूच राहतो. सफाई कामगार, पाणीपुरवठ्याचा कामगार, शिपाई अशांची सेवा संपते तेव्हा पंचायतीने व नगरपालिकेने स्वतःला मालक समजून नोटीस काढली पाहिजे.

नोटीस आलीच नाही तर कामगाराने स्वतः अर्ज करावा. मुदत टळली एवढ्याच कारणाने दावा रद्द होत नाही, असे १९७२ च्या नियमांत स्पष्ट म्हटले होते. अर्ज साध्या कागदावर, नाव, हुद्दा, सेवेचा कालावधी व शेवटचे वेतन लिहून करता येतो. गावातील शिक्षक तो अर्ध्या तासात लिहून देऊ शकतात. दुसऱ्या प्रतीवर कचेरीच्या आवक शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी, आणि तीस दिवसांत उत्तर न आल्यास तीच प्रत जोडून सक्षम प्राधिकाऱ्याकडे जावे.