पोट सुटलं म्हणून गोळी सोडायची?

चाकणच्या कंपनीत पाळ्या करणाऱ्या मुलाला स्किझोफ्रेनियाची गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत पॅन्ट कमरेला बसेना झाली, की घरात निकाल लागतो: 'बसून खातो.' हा निकाल चुकीचा आहे. ओलान्झापिन, क्लोझापिन ही औषधं मेंदूतले हिस्टामिन आणि सेरोटोनिनचे काही रिसेप्टर अडवतात. त्यामुळे भूक वाढते आणि जेवूनही पोट भरल्यासारखं वाटत नाही. कॅन्टीनमध्ये पुन्हा भात मागणारा हावरट नसतो, आणि त्याला टोमणे मारून भूक कमी होत नाही.

'आमचा तर सडपातळ आहे, शुगर कशाला तपासायची?' हा गैरसमज जास्त महागात पडतो. या दोन औषधांनी वजन फारसं न वाढताही रक्तातली साखर बिघडू शकते. म्हणून २००४ मध्येच अमेरिकेतल्या मधुमेह आणि मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनांनी क्रम ठरवून दिला: गोळी सुरू करण्यापूर्वी वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि लिपिड; मग चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला वजन; तीन महिन्यांनी साखर, लिपिड आणि रक्तदाब पुन्हा. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंमी आणि स्त्रीची ८० सेंमी झाली की सावध व्हायचं. शिंप्याची टेपही चालते, तरी कंबर मोजायचीच राहून जाते, याचं मला नवल वाटतं. रक्ताच्या तपासण्या पिंपरीच्या वायसीएमसारख्या पालिकेच्या रुग्णालयातही होतात.

सगळ्या गोळ्या सारख्याच, हेही खरं नाही. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन मधल्या गटात. अरिपिप्राझोल, लुरासिडोन यांनी वजन तुलनेने कमी वाढतं. बदल शक्य असतो, पण तो डॉक्टरांनी करायचा. क्लोझापिन मात्र बहुधा दोन औषधं हरल्यावर देतात, तिथे बदलाला फारशी जागा नसते. डॉक्टरांनी सोबत मेटफॉर्मिन लिहिली, तर 'मधुमेह झाला' असा अर्थ काढू नये. वजन आवरायलाही ती देतात.

आणि गोळी स्वतःच बंद केली तर? आजार उलटण्याचा धोका मोठा. फिनलंडमध्ये ६६,८८१ रुग्णांची ११ वर्षांची नोंद तपासून २००९ मध्ये निष्कर्ष आला की औषध न घेणाऱ्यांपेक्षा दीर्घकाळ घेणाऱ्यांचा मृत्युदर कमी होता. क्लोझापिन घेणाऱ्यांचा तर सर्वांत कमी. पद्धतीवर वाद झाले, पण 'गोळ्यांनीच माणूस लवकर जातो' या बोलण्याला या आकड्यांत आधार नाही.

तिसऱ्या पाळीचा प्रश्न वेगळा. गुंगी आणणारी गोळी, अवेळी जेवण आणि साखरेचा चहा हे एकत्र आले की वजन आणखी बिघडतं. शिवाय आजार कळला तर नोकरी जाईल या भीतीने कंपनीच्या मेडिकलमध्ये अनेकजण औषधाचं नाव सांगत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञाला मात्र पाळ्यांचा तक्ता दाखवावा, म्हणजे गोळीची वेळ त्याप्रमाणे ठरवता येते. गोळी सोडावीशी वाटली आणि डॉक्टर लगेच भेटत नसतील, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.